पस्तीस की पंच्याऐंशी

बाबा, एक लेन्स घ्यायची होती आणि कितीतरी दिवस माझं डोकं त्यातच अडकलं होतं. पस्तीस मिलिमीटरची घ्यावी की पंच्याऐंशीची? दोन्ही प्राइम, म्हणजे झूम नाही. माणूस जवळ हवा तर आपणच पाय उचलायचे. मुरबाडच्या स्टुडिओत तुम्ही जन्मभर एकाच लेन्सवर लग्नं काढलीत, तेव्हा माझ्या या चोखंदळपणाला तुम्ही हसला असतात. हसा. लग्नाच्या ऑर्डरी हे निमित्त होतं, खरं कारण आई होती.

गावात कोणी गेलं की घरची माणसं लग्नातला ग्रुप फोटो घेऊन तुमच्याकडे यायची. त्यातून तुम्ही गेलेल्याचा चेहरा सुटा करायचात, मागे निळा रंग भरायचात, की हार घालायला फ्रेम तयार. आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमचाच एकट्याचा फोटो सापडेना. सापडणार कसा, तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे. शेवटी काकांच्या हळदीतल्या गर्दीतून तुम्हाला कापून काढलं. भिंतीवर तुम्ही धूसर आहात आणि खांद्याशी कुणाची तरी अर्धी टोपी. तेव्हापासून आई कॅमेऱ्यासमोर एकटी बसत नाही. एकटीचा फोटो हारासाठीच काढतात, असं तिचं ठाम मत. मला मात्र एकच भीती, की उद्या तिलाही असंच गर्दीतून कापून काढायची वेळ येईल.

शहापूरच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन्ही लेन्स रविवारपुरत्या वापरून बघायला दिल्या. मी त्या घेऊन शेणव्याला घरी आले आणि आधी पंच्याऐंशी लावली. अंगणाच्या टोकाला आंब्याखाली मी उभी आहे, आई ओटीवर तांदूळ पाखडतेय. एवढ्या लांबून तिला पत्ताही नाही. मागचा पसारा पुसट होतो, उरतो फक्त तिचा चेहरा. एकच फोटो काढला. शांत, नजर खाली, एकटी. बघून आधी हरखले आणि मग लेन्स काढून ठेवली, कारण तो हार घालून भिंतीवर लावायला अगदी तयार होता.

मग पस्तीस लावली. हिला जवळ जावं लागतं, चोरून काही जमत नाही. समोर जाऊन बसले तशी आईने पदर तोंडावर ओढला.

"नाय गो. किती येळा सांगू तुला?"

"आई, लेन्स बघते फक्त. फोटो नाय हा."

"फोटोवाल्याची बायको हाय मी. मला शिकवते?" तिने सूप बाजूला ठेवलं, तांदळातला खडा अंगणात फेकला. मग म्हणाली, "एकटीचा नको. तू पण ये यात. दोघींचा काढ."

मी तिला खेटून बसले आणि हात लांब करून कॅमेरा आमच्याकडे वळवला. पंच्याऐंशीने हे झालंच नसतं, तेवढा हात कुणाला असतो? दोन डोकी, मागे ओटी, दोरीवरची लुगडी, आणि आमची नाकं भलतीच मोठी. आईने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"बरी दिसते गो मी. मी गेल्यावर हाच लावा. पण तुला कापायचं नाय यातून."

"मी जिवंत असताना हार कसा घालायचा त्याला?"

"मंग नका घालू," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

बाबा, सोमवारी पंच्याऐंशी परत केली, पस्तीस घेतली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट बिनधास्त लिहिते. तुम्ही साधी निगेटिव्हसुद्धा कधी फेकली नाहीत. मी आंब्याखालून काढलेला तो फोटो पुसून टाकला. असा काही फोटो होता हे आईला माहीतच नाही. फार सुंदर आला होता.