स्लामेतला या घरातून हलवू नये

सगळ्यांत आधी दार्सी आली. काल मी पाठवलेला वाडगा परत करायचं निमित्त, पण डोळे माझ्या कागदावर. "सिंबाह, मृत्युपत्र लिहिताय म्हणे. माझ्या कोंबडीचं काही आहे का त्यात?" म्हटलं, बस, साक्षीदार म्हणून सही करायचीय, तेव्हा कळेलच. तिच्या मागोमाग गल्लीप्रमुख गिमान आले ते चष्मा विसरून. तो आणायला परत गेलेत, तोवर मी सुरुवात करते.

तर मी, वागियेम, वय बहात्तर, राहणार सालातिगा, जावा बेट, चढावरच्या गल्लीतलं शेवटचं घर, शिक्षण तिसरीपर्यंत, सगळ्या गल्लीची सिंबाह म्हणजे आजी, डोकं ताळ्यावर असताना, सकाळचा चहा झाल्यावर, स्वतःच्या हाताने हे लिहिते. मला कुणी भरीला घातलेलं नाही. थोरला हर्यादी 'लिहून ठेव' म्हणाला हे खरं, पण ते मी त्याला माझ्या बाजूला वळवल्यानंतर.

कलम एक. घर. हर्यादी आणि मुर्तिनी, माझी दोन्ही मुलं, यांचं निम्मं निम्मं. मात्र दोघांपैकी कुणालाही इथे येऊन राहावंसं वाटत असेल तोवर घर विकू नये, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरून स्लामेतला हलवू नये.

आता हा स्लामेत कोण ते सांगायला हवं, नाहीतर माझ्यामागे लोक तिसरा वारस शोधत फिरतील. स्लामेत हा साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर आहे. मागे एकदा मी पंप चालू करून शेंगदाणे भाजत बसले. टाकी भरून वाहिली, पाणी दार्सीच्या खुराड्यात गेलं. एक कोंबडी मेली. ती म्हातारी होऊन मेली, पण ते असो. हर्यादी बेकासीहून धावत आला.

"आई, आता माझ्याकडे चल. आठवा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"तिथे दारात उभं राहून कुणी हाक मारतं का?"

"हाक कशाला? बेल आहे."

"मग नको."

तेव्हा मुर्तिनीची मुलगी किनासिह मधे पडली. ती सेमारांगला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिने ही डबी आणली, एका कार्डावरून तिच्यात प्रोग्रॅम घातला, आणि अंगणातला दिवा, पंप, गॅस गळला तर वाजणारी शिट्टी, दारावरची बेल असं सगळं तिच्या हाताखाली दिलं. (बेल मला नकोच होती.) हर्यादीने अट घातली, "हे नीट चालेल तोवर तू इथे. सगळं एकदम बंद पडलं की त्याच दिवशी सामान बांधायचं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

किनासिहने डबीचं नाव ठेवलं गटोत्कच. वायांगच्या, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळात आकाशात उडतो तो भीमाचा मुलगा. आणि दर अपडेटला गटोत्कच आजारी. अपडेट म्हणजे नवं शिकवणं, असं ती म्हणते. शिकला की पंप झोपलेला, भर दुपारी अंगणात दिवा. आमच्याकडे मूल सारखं आजारी पडलं की कुणीही सांगेल, नाव जड झालंय. माझ्या नवऱ्याचं लहानपणी असंच बदललं होतं, पुढे चांगला ऐंशीपर्यंत जगला.

"सिंबाह, ते यंत्र आहे."

"म्हणूनच बिचारं सांगत नाही."

शेवटी तिने ऐकलं. काल, शनिवार आणि आमच्या पाच वारांच्या जुन्या आठवड्यातला लेगी, असा चांगला दिवस पाहून नाव बदललं. स्लामेत, म्हणजे सुखरूप. रीतीप्रमाणे तांदळाची लाल आणि पांढरी खीर केली, गल्लीत वाडगे पाठवले, घरोघरी नवं नाव सांगितलं. हर्यादीही खीर खायला आला. आणि संध्याकाळी सगळं बंद. दिवा नाही, पंप नाही, काही नाही.

हर्यादी अंधारात म्हणाला, "आई, तुझी बॅग कुठे असते?" तो चेष्टा करत नव्हता.

किनासिह आपली फोनवर बोटं मारतेय. "स्लामेत तर ठणठणीत आहे. मग हे सगळे ऐकत का नाहीत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "अगं, नाव बदलल्याचं आपण गल्लीभर सांगितलं. घरातल्यांना कुणी सांगितलं?"

ती हसायला लागली ती थांबेचना. "सिंबाह, सगळे अजून गटोत्कचालाच हाका मारतायत!" दिवा, पंप, शिट्टी, प्रत्येकाच्या पोटात जुनंच नाव लिहिलेलं होतं. एकेकाजवळ जाऊन, फोनवरून नवं घालायचं. शिडीवर चढायला हर्यादीच उंच, म्हणून तो. मी मागे वाडगा घेऊन.

"आई, दिव्याला खीर भरवणार आहेस?"

"खीर तुला. दिव्याला नाव सांग."

अंगणातला दिवा लागला तेव्हा हर्यादीच्या तोंडात चमचा होता. त्याने दिवा बंद केला, परत लावला, परत बंद केला. सहा वर्षांचा असताना करायचा आणि मार खायचा, अगदी तसं. मग खाली उतरून म्हणाला, "बॅगेचं राहू दे. पण घराचं काय ते लिहून ठेव, म्हणजे मी आणि मुर्तिनी भांडणार नाही."

कलम दोन. स्लामेतची देखभाल किनासिहकडे. अपडेट करण्याआधी जुन्याची नक्कल बाजूला काढावी, पेरणीआधी बियाणं ठेवतात तशी. नाव पुन्हा बदलू नये. बदललंच तर आधी घरातल्यांना सांगावं.

कलम तीन. स्लामेत रोज सकाळी किनासिहच्या आवाजात "सिंबाह, गोळी घ्या" म्हणतो. मी गेल्याचं त्याला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो हाका मारत बसेल. गोळीऐवजी "जास्वंदीला पाणी घाला" म्हणायला लावा.

कलम चार. शेंगदाण्याची मिठाई कुटायचा ओंडका आणि दांडा मुर्तिनीला. शाळेत असताना आईच्या अंगाला शेंगदाण्याचा वास येतो म्हणून ती माझ्याबरोबर चालायची नाही. त्याच ओंडक्यावर तिची फी निघाली. आता सांभाळ म्हणावं. माझे झगेही तिलाच. पोस्टातली शिल्लक माझ्या दिवसांच्या जेवणाला, आणि जेवणात खीर हवीच.

कलम पाच. दार्सीला एक अंडी देणारी कोंबडी, म्हणजे तो विषय कायमचा मिटला. (आता वाचून म्हणते, "मग काळी द्या." बरं, काळी.)

लिहून देणार: वागियेम
साक्षीदार: दार्सी. गिमान, गल्लीप्रमुख, चष्मा लावून.
सालातिगा, रविवार पाहिंग, ३ ऑगस्ट २०२५

सहीनंतर आठवलं म्हणून: दारावरची बेल राहिलीच. ती अजून गटोत्कचालाच शोधतेय. हर्यादी म्हणाला, "तिला हात लावू नका, ती मी करणार." तो आणि किनासिह पुढच्या रविवारी येतो म्हणालेत, दहा तारखेला, वागेला. पाच वारांतला मी जन्मले तोच वागे. तोवर येणाऱ्याने दारात उभं राहून हाक मारावी. मी घरातच आहे.