नेहमी चारने कमी

प्रिय टिल्लू,

काल दुपारपासून मला काही सुचत नाहीये. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा ओतून दिला. फोन हातात घेतला की वाटतं, तू "आई, नक्की ना?" असं विचारशील आणि मी सवयीने ठाम काहीतरी ठोकून देईन. म्हणून लिहितेय.

आमच्या मुलांच्या वॉर्डातली दुखणं मोजायची पट्टी तुला ठाऊक आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. मूल फारच लहान असलं की आम्ही सिस्टरच त्याचा चेहरा, पाय, रडणं बघून आकडा लिहितो आणि त्यावर औषध ठरतं. नव्या मुलींना हे मीच शिकवते, सव्वीस वर्षं. आमचे आकडे कितपत भरवशाचे आहेत ते तपासायला यंदा एक संख्याशास्त्रवाले गृहस्थ आले. त्यांनी ड्रेसिंग बदलतानाच्या चाळीस फिल्म दाखवल्या. मुलं बोलण्याइतकी मोठी, पण आवाज बंद. तीन आठवड्यांनी त्याच फिल्म पुन्हा, क्रम बदलून. मला मेलीला परीक्षेची भारी हौस. सगळ्यांच्या आधी कागद देऊन मोकळी झाले.

काल निकाल लागला. दोन्ही वेळचे माझे आकडे अगदी तंतोतंत जुळले. अख्ख्या वॉर्डात माझ्याइतकं पक्कं कुणी नाही. टाळ्या वाजल्या आणि तुझी आई चढली हरभऱ्याच्या झाडावर. मग त्यांनी शांतपणे दुसरा कागद पुढे सरकवला. त्यावर त्या मुलांनी स्वतः सांगितलेले आकडे होते. मूल आठ म्हणालं तिथे माझे चार. सात म्हणालं तिथे तीन. दोन्ही खेपेला. दर वेळी तेवढंच कमी भरणारा वजनकाटा असावा, तशी मी. आणि यंदाच कामाला लागलेली ती नवी सिस्टर, जिला हळवी म्हणून मी सगळ्यांसमोर झापलं होतं, तिचे आकडे मुलांच्या सगळ्यात जवळ.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. सव्वीस वर्षं, टिल्लू! किती लेकरांना अर्धंच औषध मिळालं असेल? मी कुणाशी दुष्टपणे वागले नाही गं. रोज बघून बघून डोळा निबर झाला आणि मला पत्ताच लागला नाही. घरी तरी काय वेगळं केलं? झोक्यावरून पडलीस तेव्हा "दोनच्या वर नाही" म्हणून तुला शाळेत पिटाळलं. हाड मोडलंय हे तिसऱ्या दिवशी कळलं. तो किस्सा आपण पाहुण्यांना हसत हसत सांगतो. काल तो आठवून मला रडू आलं.

रविवारी तू व्हिडिओ कॉलवर तुझ्या छकुलीचा पाय दाखवलास. किती दुखतंय विचारल्यावर पाच वर्षांच्या त्या पोरीने दहा बोटं वर केली, विचार केला आणि एक दुमडलं. मी हसले. म्हटलं, नाटकी आहे, पाच धर, वाढीचं दुखणं आहे, डॉक्टरकडे नेऊ नकोस. तू नेलं नाहीस, कारण मी सांगितलं होतं. हे पत्र तुझ्या बाबांच्याच हाती धाडतेय; तू वाचतेयस तोवर ते छकुलीला उचलून गाडीत बसवत असतील. हाडांच्या डॉक्टरांना मी सकाळीच कळवून ठेवलंय. मी मुद्दाम आले नाही. मी समोर असले की तू माझ्या तोंडाकडे बघतेस. डॉक्टर किती दुखतंय विचारतील, तेव्हा मध्ये बोलू नकोस. तिचं तिला सांगू दे.

तुझीच, पार हादरलेली
आई