जाणून घेण्याची गरज

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख लावून घेतली. यंदाच्या उपासकाळात काय सोडायचं ते चर्चच्या बाकावर बसूनच ठरवलं. गोड सोडण्यात अर्थ नाही. जानेवारीपासून गोड काय नि खारट काय, सारखंच लागतं. म्हणून बडबड सोडली. ईस्टरपर्यंत कामापुरतंच बोलायचं. मला जड जाणार नाही. मी मुळातच कमी बोलणारी आहे.
नवरा, व्हर्लिन, जाऊन सात आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही. परमेश्वरानं बळ दिलंय, असं सगळे म्हणतात. असेल.
अंत्यविधीच्या वेळी बायकांनी जेवण आणलं होतं, ती नऊ भांडी परत करायची आहेत. प्रत्येकाच्या तळाला नावाची चिकटपट्टी आहे, म्हणजे काम सोपं. उद्या नक्की.

६ मार्च, गुरुवार
भांडी राहिली. गुरुवारी कुपनांवर दुप्पट सूट असते, म्हणून बाजाराला गेले. वाटेत अणुवीज प्लांट लागतो. नेहमीप्रमाणे तोंड वळवून सरोवराकडे बघितलं.
हे लिहून ठेवायला हरकत नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही. व्हर्लिन त्या प्लांटवर सव्वीस वर्षं पहारेकरी होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "आर्डिस, कुठे उभा असतो, काय करतो, विचारू नकोस. सांगायची बंदी आहे." मी एकदाही विचारलं नाही. उलट चार पावलं पुढेच गेले. प्लांटवरून जाताना तिकडे बघायचंच नाही, असा नेम केला. तिकडे कुंपण आहे, म्हणतात. मला माहीत नाही. सव्वीस वर्षं मी सरोवरच बघितलंय. दुसरी कोणी बायको असं करेल?
दर गुरुवारी जेवताना तो विचारायचा, "आज सरोवर कसं होतं?" मी सांगायची, राखाडी, किंवा निळं, किंवा बर्फ. तो हसायचा. बिचाऱ्याला दिवसभर आत कोंडून ठेवत असणार.

१३ मार्च, गुरुवार
सरोवर राखाडी. कडेला बर्फ. सांगायला कोणी नव्हतं. लिहून ठेवलं.

२० मार्च, गुरुवार
लायब्ररीत फुकट वर्तमानपत्र वाचायला गेले होते. फळ्यावर सरकारी राजपत्रातली सूचना लावलेली. प्लांटनं परवाना आणखी वीस वर्षं वाढवून मागितलाय. कोणाची हरकत असेल तर सुनावणी मागता येईल. आणि हरकत मांडायला सुरक्षेचे बंद कागद बघावे लागणार असतील, तर सूचना निघाल्यापासून दहा दिवसांत तसा अर्ज करायचा. सूचना निघाली सोमवारी. म्हणजे सत्तावीस तारखेपर्यंत.
उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग विचार आला, वीस वर्षं म्हणजे गावाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. कोणीतरी लक्ष घालायला हवं. आमचं घर प्लांटपासून तीन मैलांवर.
मी अर्ज करणार. पहारेकरी कुठे कुठे उभे राहतात त्याचा नकाशा मागणार, जुन्या वर्षांसकट. व्हर्लिनचा याच्याशी काही संबंध नाही.

२१ मार्च, शुक्रवार
नणंद मायर्ना आली. कामापुरतं बोलायचं म्हणून अर्जाबद्दल थोडक्यात सांगितलं, तासभर.
ती म्हणाली, "अगं, माझा भाऊ कुठे उभा राहायचा ते तुला बघायचंय, एवढंच ना? मग तसं म्हण की. गाव कशाला मध्ये आणतेस?"
मी म्हटलं, मायर्ना, मला कुतूहल नाही. असतं तर सव्वीस वर्षांत विचारलं नसतं?
"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली. मग माझा अर्धा केक खाल्ला. म्हणजे तिचाच. तिच्याच भांड्यातला, अंत्यविधीपासून फ्रीजरमध्ये ठेवलेला. भांडं घेऊन जा म्हणायचं राहिलं.

२२ मार्च, शनिवार
अर्ज लिहायला बसले. चार प्रश्न.
तुम्ही कोण, प्लांटपासून किती दूर राहता? सोपं.
तुमचं नुकसान काय होईल? लिहिलं, "झालेलं आहे." मग खोडलं. "होऊ शकेल" असं केलं.
हे कागद वाचून समजण्याइतकं तांत्रिक ज्ञान कोणाला आहे? लिहिलं, मला. मॅट्रिक, गणितात पहिली. तीस वर्षं घरचा हिशेब, एका सेंटचा फरक नाही.
ही माहिती जाणून घेण्याची तुमची गरज काय? इथे अडले. सकाळभर. शेवटी लिहिलं, "सार्वजनिक."

२४ मार्च, सोमवार
बंद कागद बघायचे तर पोलिसी तपासणी लागते, बोटांचे ठसे लागतात. शेरीफच्या कचेरीत गेले. डेप्युटीनं माझी दहाही बोटं काचेवर दाबून बघितली. मग रुमालानं पुसून पुन्हा. म्हणाला, "बाई, तुमच्या बोटांवर काही उरलेलंच नाही हो. काय करता काय?"
मी म्हटलं, भांडी घासते. फरशी पुसते. ब्लीच.
"सरकारच्या लेखी तुम्ही आहात की नाही, तेच समजायचं नाही," असं म्हणून तो हसला. मी हसले नाही. मला काहीच वाटलं नाही. चौथ्या खेपेला करंगळी उमटली.
तपासणीची फी भरली.  

२५ मार्च, मंगळवार
अर्ज पाठवला. गोष्ट सरकारी गुपिताची, तेव्हा आजपासून तोंडाला कुलूप. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी आहे. एकीनं फोन करून विनंती सांगायची, तिनं पुढचीला, पुढचीनं त्याच्या पुढचीला. मी मायर्नाला एवढंच म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, विषय सांगता येत नाही. असं चालतं. परमेश्वराला विषय माहीत असतो.

२६ मार्च, बुधवार
सकाळी साडेनऊला साखळीतली ग्लोरीन केक घेऊन दारात. गळ्यात पडून म्हणाली, "कुठल्या अवयवाचा आहे गं?" मला कॅन्सर झालाय असं साखळीच्या पाचव्या कडीला वाटलं होतं. आठव्या कडीनं विचारलं, नवरा जाऊन तीन महिनेही झाले नाहीत, इतक्यात दुसरं लग्न? अकरावीनं घर कितीला काढलंस म्हणून फोन केला.
गैरसमज राहू नये म्हणून एकेकीला खरं काय ते सांगावं लागलं. प्रत्येकीकडून शपथ घेतली. गुप्तता अबाधित आहे. फक्त अकरा जणींना माहीत आहे.
आता भांडी दहा झाली.

३ एप्रिल, गुरुवार
सरोवर निळं. बर्फ गेला.
कागद आले की कुठे ठेवायचे ते ठरवलं. शिवणयंत्राच्या पेटीत, कुलूप लावून. वाचून झाले की परत तिथेच. कोणी खोदून खोदून विचारलं तरी सांगायचं नाही. अगदी मायर्नालाही. व्हर्लिन सव्वीस वर्षं गप्प राहिला, तर मला का जमू नये?
सात वर्षांपूर्वी त्यानं माझ्याकडून एक उशी शिवून घेतली होती, बसायची, हिरव्या कापडाची. कामावर न्यायला. बसायची उशी म्हणजे बसायचं काम. पण मी विचारलं नाही. त्याच्या आसपासच एकदा तो जेवताना म्हणाला, "आर्डिस, ऐक, मला हलवलंय..." मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि स्तोत्र म्हणायला लागले. पगार त्यांचा, गुपितही त्यांचंच. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बटाटे वाढून घेतले.
कागद आले की त्या उशीचा उलगडा होईलच. म्हणजे ओघात.

७ एप्रिल, सोमवार
वॉशिंग्टनहून पत्र. नकार.
तुम्ही जवळ राहता हे मान्य. पण जाणून घेण्याची गरज सिद्ध होत नाही. पटत नसेल तर पाच दिवसांत दाद मागा. ठशांबद्दलही एक ओळ आहे: अस्पष्ट.
दोनदा वाचलं. इस्त्री केली. सगळी. त्याचे शर्टसुद्धा.

८ एप्रिल, मंगळवार
पत्राखालच्या नंबरावर फोन केला. ॲबरनाथी नावाचा गृहस्थ, फार सभ्य.
म्हणाला, "बाई, पहाऱ्याच्या जागांचा नकाशा आम्ही आमच्याच निम्म्या लोकांना दाखवत नाही. तुमच्या हरकतीसाठी त्याची गरज काय, ते तुम्ही कुठे लिहिलंच नाहीत. नुसतं 'सार्वजनिक' लिहिलंय."
मी म्हटलं, सगळा नकाशा नको. एक जागा चालेल.
"कुठली?"
तेच तर मला माहीत नाही, मी म्हटलं. एकच माणूस आहे. तोही आता तिथे नाही.
 लांब पल्ल्याचा फोन, मिनिटाचे पैसे जातात हे मला कळत होतं, तरी मी ठेवला नाही. मग तो हळूच म्हणाला, "त्यासाठी अर्ज नसतो, बाई." आणि म्हणाला, वाईट वाटलं.
मी म्हटलं, हो का. आभारी आहे.
दाद मागणारच. तत्त्वाचा प्रश्न आहे.

११ एप्रिल, शुक्रवार
उद्या शेवटचा दिवस. दाद मागायचा कागद अजून कोरा. "गरज" या शब्दापुढे दोन टिंबं दिली आहेत.
दुपारी लायल आला. व्हर्लिनबरोबर पहाऱ्यावर होता, गेल्या वर्षी निवृत्त झाला. टोपी काढून दारातच उभा. बायको साखळीतली सातवी.
म्हणाला, "ऐकलं ते खरं का? तुम्ही वॉशिंग्टनकडे नकाशा मागितलात? प्लांटवर पोरं हसून हसून लोळतायत हो."
मी म्हटलं, लायल, हा गावाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.
"बरं बरं, सुरक्षेचा." मग त्यानं काखेतली पिशवी उघडली. हिरवी उशी. मध्ये चपटी झालेली, एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग. "ही चौकीतच राहिली होती. म्हटलं, तुम्हाला द्यावी."
कुठल्या चौकीत, मी म्हटलं. आणि लगेच, नको, सांगू नकोस, तू शपथ घेतली आहेस.
"कसली शपथ? आतल्या कामाबद्दल मी मेलो तरी बोलणार नाही. पण गुडघा गेल्यावर त्याला बाहेर हलवला ना! सात वर्षं रस्त्यालगतच्या चौकीत होता, आडवा दांडा वर करायचा नि खाली करायचा. यात कसलं गुपित? येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यालासुद्धा दिसायचा तो."
 तो बोलत राहिला, कारण त्याला वाटलं मला माहीतच आहे.
"आम्ही किती चिडवायचो त्याला! दर गुरुवारी तुमची गाडी आली की हा उठून उभा राहायचा. दुखऱ्या गुडघ्यावर. आणि असा हात करायचा, अख्खा. आणि तुम्ही आपल्या तिकडे पाण्याकडे बघत निघून जायचात. आम्ही म्हणायचो, काय रे व्हर्लिन, बायको ओळखसुद्धा देत नाही! तो म्हणायचा, ती नेम मोडायची नाही, तुम्हाला नाही कळायचं. पुढच्या गुरुवारी परत उभा."
त्याला कॉफी दिली. दोन कप प्याला. जाताना स्वतःच्या बायकोचं भांडं घेऊन गेला. नऊ राहिली.
उशी खुर्चीवर ठेवली. मग खुर्चीवरून काढली. मग परत ठेवली.

१२ एप्रिल, शनिवार
दाद मागितली नाही. अति थंडी. शिवाय पोस्टाची तिकिटं संपली होती.
ताट घेतलं, जेवले. काय होतं ते आठवत नाही.
सात वर्षं, दर वर्षी बावन्न गुरुवार. आयुष्यात पहिल्यांदाच हिशेबाचं उत्तर काढलेलं नाही. काढणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
मायर्नाला सांगितलं.  ती म्हणाली, "मूर्ख मेला. एखादी चिठ्ठी लिहून ठेवायची की." मग म्हणाली, "आणि तू गं!" आणि माझा हात धरून बसली. हात तिचा गरम होता, एवढं कळलं.
संकल्प: परवा गुरुवार. तिकडे बघायचं. नीट, गाडी हळू करून. हातही करायचा. एकदा केलं की हा विषय संपला.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार
ठरल्याप्रमाणे बघितलं. चौकी लहान आहे, आमच्या न्हाणीघराएवढी. काच तिन्ही बाजूंनी. आत एक नवाच माणूस, डोक्यावर टोपी, खाली बघत बसलेला. मी हात केला. त्यानं बघितलं नाही.
गाडी वळवून पुन्हा गेले. हात केला. बघितलं, पण हात केला नाही.
तिसऱ्या खेपेला गाडी अगदीच हळू केली. हात बाहेर काढला, अख्खा. यावेळी तो उठून उभा राहिला.
मैलभर गेले असेन, मागून पिवळा दिवा लावलेली प्लांटची गाडी आली. बाजूला थांबवलं. आतून उतरला तो पहारेकरी अंगानं दणकट, बोलायला नम्र. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "तीनदा का गेलात, बाई? प्लांटसमोर गाडी हळू का केलीत?"
मी म्हटलं, हात करायला.
"कोणाला?"
मी म्हटलं, चौकीला.
 तो खाली मान घालून बराच वेळ लिहीत होता. दोन-तीन ओळी असाव्यात. मी म्हटलं, काय लिहिलंत ते जरा बघू?
"ते बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे, अर्ज करावा लागतो.
कुपनं वापरायची राहिली, मुदत आजच होती. भांडी अजून नऊ. घरी येऊन बटाटे उकडले. जेवायला बसताना लक्षात आलं, सरोवर कसं होतं ते आज बघितलंच नाही.