मधोमध जोडलेली गाडी

४ फेब्रुवारी

मीटरवर जेमतेम आकडा आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत! कोणाला फसवतात ही माणसं? गाडी किती पळालीय ते पेडल सांगतं, स्टिअरिंगची झिजलेली कड सांगते, ड्रायव्हरची खचलेली सीट सांगते. आमच्या जुन्या गाड्यांच्या यार्डाच्या मालकांना म्हटलं, मागताहेत त्याच्या निम्म्यालाही घेऊ नका. मालक हसले. "बाई, तुम्ही लग्नं जमवायला बसलात तर एकही जमायचं नाही!" — आणि मग स्वतःच ओशाळले. माझं मोडलंय हे त्यांना ठाऊक आहे.

मीही हसले. काय करणार.

९ फेब्रुवारी

दादाला गाडी घ्यायचीय. स्कूटरवर धक्के खाऊन वहिनीची पाठ गेली, भाचीही उंच झाली, तिघं मावत नाहीत. जेवताना म्हणाला, "नवी कशाला? घरात तज्ज्ञ बसलीय की! हिने बोट ठेवायचं, आपण घ्यायची."

किती बरं वाटलं! नवऱ्याचं घर सोडून इथे वरच्या खोलीत आले, तेव्हापासून अंग चोरूनच वावरतेय. आज प्रथमच वाटलं, माझा इथे कोणाला तरी उपयोग आहे.

१५ फेब्रुवारी

यार्डात एक पांढरी गाडी आली. चकाचक. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. अशी किंमत पाहिली की मी आधी चुंबक काढते.

पुढच्या काचेवर एका वर्षाचा शिक्का, मागचीवर भलत्याच. ठीक आहे, काच फुटते, बदलतात. पण चुंबक फिरवलं तर दोन दारांमधल्या खांबाला चिकटेचना. पत्र्यावर पुट्टीचा थर! मग आतला गालिचा उचलला. खाली वेल्डिंगची आडवी रेघ — या दारापासून त्या दारापर्यंत. वरून नवा रंग फासलेला.

एक गाडी नाहीच ही. एक पुढून चेपलेली, एक मागून. दोघींचे धड राहिलेले अर्धे भाग कापून मधोमध जोडलेत. जोराची धडक बसली तर त्या रेघेवर उघडेल.

मालकांना सांगितलं, हिची किंमत शून्य. भंगारात घाला. "बघू," म्हणाले.

१७ फेब्रुवारी

घरी आले तर दारात तीच गाडी.

भाची हॉर्न वाजवतेय, वहिनी फडक्याने आरसा पुसतेय. दादाने यार्डाबाहेरचा विक्रीचा फलक बघून फोन केला होता, मालकांनी परस्पर सौदा उरकला. "तुझा भाऊ म्हणून आणखी कमी केले!" दादा फुलून सांगत होता. मला चकित करायचं होतं म्हणे.

"ही? हिला तर मी भंगारात घाला म्हटलं होतं!" सगळ्यांचे चेहरे उतरले.

गालिचा उचलून दाखवला. दादा वाकला, पाहिलं, उभा राहिला. "जुनी गाडी म्हटली की डागडुजी आलीच गं."

"ही डागडुजी नाही दादा, हे शिवलेलं प्रेत आहे!"

भाची रडायला लागली. वहिनी तिला आत घेऊन गेली. जाताना म्हणाली — हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत — "स्वतःचं मोडलं, आता हिला कोणाचंच काही धड दिसत नाही."

१८ फेब्रुवारी

मालकांशी कडाडून भांडले. "तुमच्या भावाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडी परत घेत नसतो." नोकरी सोडली. की गेली? कोण जाणे.

२४ फेब्रुवारी

वहिनी माझ्याशी बोलत नाही. भाचीही आईकडे बघते आणि मग गप्प बसते.

२ मार्च

रोज सकाळी खिडकीत उभी राहते. भाची मागच्या सीटवर, दप्तर मांडीवर. म्हणजे दादा एका गाडीच्या अर्ध्यात आणि ती दुसरीच्या! कोपऱ्यावर वळेपर्यंत मी श्वास धरून ठेवते. ती परत येईपर्यंत हातून काही होत नाही.

निदान पोरीला तरी बसने पाठव, म्हटलं. दादा भडकला. "आमच्या वाईटावर टपलीयस का तू?"

माझा दादा! मी सायकल शिकताना मागून सीट धरून धापा टाकत धावणारा.

मला खोट दिसते. पण दिसून उपयोग काय? आंधळी असते तर खाली त्यांच्यात बसून हसले तरी असते.

९ मार्च

काही नाही. पडून होते.

१३ मार्च

दादा वर आला. उंबऱ्यातच घुटमळला. गतिरोधकावर खाडकन आवाज झाला म्हणे, तेव्हापासून मागचं दार लागत नाही. कोणाला न सांगता गाडी एका वेल्डरकडे नेली. तो खाली शिरला, बाहेर आला आणि एवढंच म्हणाला — "साहेब, यात मुलांना बसवता?"

पलंगाच्या कडेवर टेकला. "तुझंच खरं होतं गं." मग म्हणाला, "पोरगी रोज…" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दोघंही रडलो.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"लावतो काहीतरी मार्गी."

खाली जाऊन जेवले. चक्क भूक लागली होती! माझा भाऊ मला परत मिळाला.

१६ मार्च

दारात गाडी नाही. भंगारवाल्याने काय दिलं, दादाला विचारलं.

"भंगारवाला? वेडी आहेस का! विकली. घेतली त्याहून चढ्या भावाने!" तरुण जोडपं. बाई पोटुशी. आधी का-कू करत होते. "मग सांगितलं, माझी बहीण याच धंद्यातली, तिने स्वतः तपासलीय. लगेच हो म्हणाले."

पत्ता मागितला. देत नाही.

"झालं ना तुझ्या मनासारखं? सोड आता."