खडीखालची चिकणमाती

५ जानेवारी, सोमवार

आले एकदाची! तीन वर्षं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या लॅबमध्ये दुसऱ्यांनी आणलेली माती चाळत बसले, आज पहिल्यांदा जिथली माती तिथेच बघायला मिळणार. अ‍ॅग्नेसने अल नहदाच्या आमच्या दोघींच्या खोलीतून निघताना डब्यात सुकट-बटाटा दिला आणि दारात उभी राहून दहादा विचारलं की तिथे बाथरूम आहे का. आहे बाई. तीन पोर्टाकॅबिन, एक बाथरूम, एक टाकी, एक जनरेटर.

जागा सुंदर आहे. मागे काळपट-तपकिरी डोंगर, त्यांच्या पायथ्याशी वादीने, म्हणजे पावसातच वाहणाऱ्या नदीने, कधीकाळी आणून टाकलेल्या खडीचा सपाट, उंच ओटा. दोन्ही बाजूंना वादीची कोरडी पात्रं, म्हणजे आम्ही जणू बेटावरच. वर सगळीकडे खडी, उन्हाने काळी पडलेली, फरशी बसवावी तशी घट्ट बसलेली. इथे स्टाफच्या वसाहती बांधायच्या आहेत. त्याआधी कुठे कसली माती आहे, तिच्यावर भार टिकेल का, हे आम्ही खड्डे घेऊन ठरवायचं.

माणसं चारच. जेरार्डअंकल डाबरे आमचे प्रमुख, वसईचे, माझ्या पप्पांच्या ओळखीचे. मुनीरभाई दापोलीचे, गाडी आणि जेसीबी दोन्ही चालवतात. माझं आडनाव तुस्कानो म्हटल्यावर हसून म्हणाले, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडची, गाववालीच की, आणि वेलचीचा चहा दिला. वली खड्डे साफ करतो. पाकिस्तानातल्या स्वातचा आहे, पन्नाशीचा, हसला की पुढचा स्टीलचा दात चमकतो.

६ जानेवारी, मंगळवार

पहिला खड्डा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एकशे साठ सेंटीमीटर खोल. जेसीबीला वरची खडी फोडायलाच अर्धा तास लागला. पण खाली! अशा ओट्यावर वाळू आणि दगड मिळतात, इथे दगडांच्या मध्ये चक्क लाल चिकणमाती निघाली. ओली करून अंगठा आणि बोटात दाबत गेले तर सात सेंटीमीटरची पट्टी न तुटता लोंबली. पाच झाली तरी आम्ही चिकणमाती म्हणतो. अर्ध्याच्या वर दगड, आणि दगडांच्या मध्ये भरलेली माती इतकी चिकट, असा नमुना या देशात मी लॅबमध्ये एकदाही पाहिला नव्हता. वर्गीकरणाच्या तक्त्यात तिची जागा शोधताना अंकल पोरासारखे खूश झाले. हजारो वर्षांपूर्वी इथे भरपूर पाऊस पडायचा, त्या काळातली माती असणार, म्हणाले.

एक गोष्ट लिहून ठेवते. दीड मीटरवर माती गार आणि ओलसर होती. मागच्या मार्चपासून इथे थेंब पडलेला नाही.

अंकलनी सेफ्टीचा फॉर्म पुढे केला. एवढ्या खोलीला आधाराच्या फळ्या लावायला हव्यात. फळ्या आल्या नाहीत, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात येतील, असं म्हणाले. मी सही केली.

७ जानेवारी, बुधवार

खड्डा सकाळी अरुंद वाटला. टेप लावला. रुंदी ब्याऐंशी. काल शंभर होती, माझ्याच हातचं लिहिलेलं आहे. अंकल म्हणाले, चिकणमाती फुगतेच. मी म्हटलं, पाण्याशिवाय? ते म्हणाले, यल्ला, चल, फोटो घे आणि पुढचा खड्डा बघू.

भिंतीवर काच घासावी तशा गुळगुळीत, चमकणाऱ्या रेघा होत्या. माती मातीवर सरकली की अशा उमटतात, पुस्तकात वाचलंय. पुस्तकात त्याला वर्षं लागतात.

फोटोसाठी भिंत खरवडून स्वच्छ हवी होती. वली उतरायला तयार नव्हता. “मॅडम, ये मिट्टी पाँव पकड़ती है,” म्हणाला. मला हसू आलं. मी म्हटलं, दोनच मिनिटं, चाचा. उतरला. दोन मिनिटांतच हाक आली. उजवा पाय घोट्यापर्यंत तळात रुतलेला, आणि तळ तर आम्ही टणक म्हणून लिहिला होता. मुनीरभाई आणि मी, दोघांनी काखेत हात घालून ओढलं. पाय आला, बूट आला नाही.

मुनीरभाईंनी खड्ड्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, “ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा, बूट गेला कुठे?”

८ जानेवारी, गुरुवार

मुनीरभाई सकाळीच नमुने पोचवायला आणि पाणी, डिझेल आणायला गेले. नऊला डोंगरावर काळे ढग आले. आमच्यावर जेमतेम शिंतोडे. अकराला दोन्ही वादींतून चहासारखं पाणी धडाडत आलं, गाडीएवढे धोंडे लोळवत. मुनीरभाई पलीकडे, आम्ही तिघं अलीकडे. फोनला रेंज नाही, बहुतेक टॉवर बंद पडलाय. अ‍ॅग्नेसला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक.

अंकल म्हणतात दोन दिवसांत ओसरेल. पाणी आहे, डबे आहेत. खोळंबलो आहोत, एवढंच. खड्ड्यात पाणी भरायच्या आत तळाचा एक नमुना घेऊन ठेवला तर बरं. वलीला सांगितलं.

मीच सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार

वली नाही.

काल जेवायला आला नाही तेव्हा मी खड्ड्याकडे गेले. खड्डाही नाही. जमीन सपाट. वरची काळी खडी जशीच्या तशी बसलेली, कधी फोडलीच नव्हती अशी. बाजूला उपसलेल्या मातीचा छातीएवढा ढीग होता, तोही नाही. जेसीबी तेवढा उभा.

अंकल म्हणाले, त्याने खड्डा बुजवला आणि पळाला, खलास, परत गेल्यावर कंपनी रिपोर्ट करेल. मी विचारलं, पळून जाणार कुठे, दोन्हीकडे पूर आहे. त्याचा फोन चार्जिंगला लावलेला आहे. पिशवी खाटेखाली आहे.

१० जानेवारी, शनिवार

राहवलं नाही. सकाळी फावडं घेऊन खड्ड्याच्या जागी खणलं. माती लोण्यासारखी सुटली, जेसीबीला लागला होता अर्धा तास. हातभर खणलं असेल, फावड्याची मूठ आत ओढली गेल्यासारखी वाटली आणि मी ते सोडून दिलं. हाताशी आली तेवढी माती बादलीत आणली. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर धुतली. लॅबमध्ये रोज करायचे तसंच. माती वाहून जाते, खडी वर राहते.

काळी खडी. हिरवट खडी. एक बटण.

दात. स्टीलचा.

अंकलना चाळणी दाखवली. ते खाली बसले आणि आमच्या वसईकडच्या बोलीत काहीतरी पुटपुटू लागले. प्रार्थना असावी. मग मला म्हणाले, फळ्या मागवल्याच नव्हत्या. वेळ जाईल म्हणून मागवल्या नाहीत. मी त्यांना धीर दिला नाही. सही माझी होती. दोन मिनिटं म्हणणारी मी होते.

११ जानेवारी, रविवार

अंकल गेले.

सकाळी दहाला, लख्ख उन्हात. ओट्याच्या टोकाला डोंगराचा कातळ आहे, तीन-चारशे मीटरवर. तिथून रेंज मिळेल म्हणाले. मी नको म्हटलं, हात धरला. ते म्हणाले, तुझ्या पप्पांना काय सांगू?

मी कॅबिनच्या पायरीवरून बघत होते. नीट चालत होते. मग पाय घसरल्यासारखे थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत. मी दोरी घेऊन पायरी उतरले, तर ते दोन्ही हात हलवून ओरडले, “बेव्हर्ली, नको! वर जा!” कमरेपर्यंत. खडी त्यांच्याभोवती नुसती सरकत होती, पाण्यासारखी, आवाज न करता. मग टोपी. टोपी वरच राहिली.

मी ओरडतच होते. आता घशातून आवाज येत नाही.

दोरी टाकली होती. पोचली नाही. दहा मीटरची होती, आणि ते

१२ जानेवारी

पायरी उतरत नाही. बिस्किटाचा डबा खाली फेकला, वरच राहिला. खुर्ची फेकली, वरच. जेसीबी पाच टनांचा, तसाच उभा. लोखंड, लाकूड, दगड ही माती वरच ठेवते. जिवंत तेवढं आत.

आम्ही वरचा थर फोडला. किती वर्षं बंद होता कोण जाणे. मग पाणी आलं.

दुपारी कॅबिन एका बाजूला उचलली गेली. दाराची चौकट वाकली. दार उघडत नाही. खिडकी एकच, काच पक्की, बाहेरून जाळी. म्हणजे आता बाहेर जायचं म्हटलं तरी—

बरंच झालं, असं वाटलं क्षणभर.

१३ जानेवारी

फरशीला फुगवटा. सांध्यातून लाल. गार. आधी रेघ होती, आता बोटभर.

टेबलावर बसलेय. पाय वर.

डिझेल संपलं, एसी बंद. पाणी अर्धी बाटली. माती आवाज करत नाही. काहीच नाही. मी श्वास धरला की थांबते, सोडला की थोडी वर— नाही, हे मला वाटतंय. मोजून बघते.

मोजलं. वाटत नाहीये.

अ‍ॅग्नेस, मेसेजवर अजून एकच टिक. तुझ्याशी भांडून आले नाही, एवढं बरं—

१४ जानेवारी

पाणी ओसरलं असावं. आवाज नाही वादीचा.

टेबलाचे पाय बुडाले. टेबल वर आहे. मी वर आहे तोवर

हॉर्न! गाडी! मुनीरभाई! ओट्यावर चढले. जेसीबीजवळ गाडी थांबली. दोन वेळा हॉर्न. मला आवाजच नाही. काचेवर मुठी आपटल्या, त्यांनी बघितलं, हसले, हात केला. दार उघडतायत गाडीचं. हे पान काचेला लावते. मोठ्या अक्षरात.

मुनीरभाई उतरू नका

गाडी तरंगते माणूस नाही

वली आणि अंकल आत आहेत जमिनीत

मला काढायला येऊ नका गाडी मागे घ्या पोलिसांना सांगा हेलिकॉप्टरने वरून या

हसू नका वाचा

मुनीरभाई पाय खाली नका टेकवू एकसुद्धा न