तुम्हीपण या हं आमच्याकडे

प्रिय अस्मिताताई,

पत्र बघून हसशील. पुण्याला रोज फोन होत असताना हिला ही काय हुक्की आली, म्हणशील. पण घरात फोनवर बोलायला लागले की हॉलमधली खुर्ची करकरते, कोणीतरी ऐकायला पुढे वाकावं तशी. म्हणून कोमलच्या घरी बसून लिहितेय. कुरिअरही तीच करणार आहे.

बारावीचे पेपर संपल्यावर समरजित, कोमल आणि मी मही नदीच्या काठी गेलो होतो, सिंधरोट गावाच्या पुढे. समरजितच्या पणजोबांनी उन्हाळ्यात राहायला बांधलेला बंगला आहे तिथे, कित्येक वर्षं बंद. तिथे कोणी टिकत नाही, असं त्याच्या घरी म्हणतात. आम्हाला तेच बघायचं होतं, मग काय! भरदुपारी गेलो, दुपारी थोडंच काही दिसतं म्हणून. ते दोघं गच्चीवर चढले आणि मी पाणी शोधत मागच्या पडवीत गेले. तिथे एक बाई चैत्रगौर मांडून बसली होती. झोपाळ्यात गौर, पुढे कलिंगड, वाटीत आंब्याची डाळ. हिरवं लुगडं, चेहरा हसरा. मला वाटलं, राखणदाराची बायको असेल. तिने करंडा पुढे केला. कुंकवाला नाही म्हणायचं नाही, हे आईने आपल्याकडून किती घोकून घेतलंय! मी कपाळ पुढे केलं. तिचं बोट फ्रिजमधून काढल्यासारखं गार होतं. आणि निघताना सवयीने बोलून गेले, "तुम्हीपण या हं आमच्याकडे, अकोट्याला." सोसायटीचं नावसुद्धा सांगितलं. काय म्हणावं मला!

मागे समरजित येऊन उभा होता. "कोनी साथे वात करे छे?" म्हणाला. मी कोणाशी बोलतेय तेच त्याला कळेना, त्याला पडवी रिकामी दिसत होती गं. मला मात्र ती मान डोलावताना दिसत होती. कोमल आधी खूप हसली, मग माझं कपाळ बघून ते रुमालाने पुसायला लागली. ते कुंकू अजून जात नाही. साबण झाला, तेल झालं, घासून घासून कातडं सोलवटलं.

अक्षय तृतीयेला आईचं हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका येऊन गेल्यावर आई पुन्हा दाराशी गेली आणि म्हणाली, "या, या, बसा ना." दारात तीच होती. कुंकू लावलं की पाहुणी उठते, पण आईने करंडा उचलला की ही मान फिरवते. घाई काय, बसू द्या, म्हणते. ती अजून बसलीच आहे, ताई. समोर आई, हातात पन्ह्याचा पेला धरून. बाबांना ती दिसत नाही.

तिला कुंकू लावून उठवायला शनिवारी समरजित आणि कोमल मदतीला आले. मी बोट दाखवलं आणि कोमलने तिला रिकाम्या दिसणाऱ्या खुर्चीपुढे जाऊन कुंकवाचं बोट पुढे केलं. तिचा हात मनगटापर्यंत दिसेनासा झाला. समरजितने तिला मागे खेचलं, पण तिची बोटं अजून वळत नाहीत. आणि त्या घटकेपासून आई एक शब्द बोललेली नाही. बाबांची रिफायनरीत शटडाऊनची ड्युटी चालू आहे, त्यांना वाटतंय ती रुसलीय. मला फार भीती वाटतेय गं.

काल ती बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आईच्या आवाजात. म्हणाली, "अस्मिता तिकडे एकटीच असते ना? जाऊन येते." ताई, तुला फोन येईल. आवाज आईचा असेल. दोन दिवस येऊ का, विचारेल. तू लगेच "ये ना, विचारतेस काय" म्हणणार, मी ओळखते तुला. म्हणू नकोस! बोलावल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. नाही म्हण, उद्धटपणा कर, फोन आपट. आणि कधी मीच तुझ्या दारात उभी राहिले, तर आधी माझं कपाळ बघ. हे कुंकू तेव्हाही असलं तर दार लावून घे. मी कितीही रडले तरी उघडू नकोस.

अजून तरी तुझीच,
उत्कर्षा