यानाची चौकशी झाली, तुमची राहिली

सरकारी कागदावर तुम्ही अजून निष्काळजीच आहात. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे स्फोट झाला’, एवढी एक ओळ. जन्मात कधी चपला दारात सरळ लावल्याबिगर आत न आलेला माणूस मेल्यावर निष्काळजी झाला, आणि तुम्ही तिकडं निवांत पडलाय. हे आधी सांगितलं, रामराम आता घ्या.

संजूच्या बापास गोदाबाईचा रामराम.

तुम्ही होता तवा म्या कधी पत्र लिहिलं न्हाय. लिहायचं कशाला, तुम्ही समोरच बसायचा आणि ऐकत नसायचा. आता तरी उठून जाता यायचं न्हाय तुम्हाला. तिसरीपातूर शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, वाकडं आलं तर नाक मुरडू नका. परवा शाळेत जे झालं ते तुमच्या कानावर घातल्याबिगर मला घास जायचा न्हाय.

शाळेत चंद्राचा कार्यक्रम होता. आपल्या यानानं चंद्रावर पाय टेकला त्याचा दरसालचा सोहळा. रॉकेटाच्या कामात जन्म घालवलेले एक रिटायर साहेब बोलावले होते. आपली नात पूजा मला हाताला धरून घेऊन गेली. बघते तर साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत तुमच्या फटाक्याच्या शेडाचा मालक. रात्री उडवायला शोभेची रॉकेटं त्यानं फुकट दिली होती म्हणून गळ्यात हार. फुकट म्हणलं की मला आधी वास येतो. रॉकेटात दारू भरली आपल्या रेखानं, हार घातला त्याला.

व्हय, रेखा शेडात जाते. तुमच्याच जागेवर बसते. डोळे वटारू नका. गेल्या साली पावसानं सोयाबीन शेंगंतच सडवलं, संजूची पुण्याची कंपनी कधी बोलावते कधी न्हाय. तुमची सून हाताची सफाईदार हाय म्हणून मालकानं स्वतःहून बोलावलं. शेडाला दार अजून एकच हाय.

साहेबांचं भाषण चालू असतानाच गिरणीवाला नामदेव उठला. म्हणाला, “साहेब, हितं शेताची माती वाहून गेली आणि सरकार आभाळात पैसा उडवतंय. आधी पोटाचं बघावं का चंद्राचं?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्या न्हाय वाजवल्या.

का न्हाय ते सांगते. चंद्राचा पैसा थांबवला तर तो आपल्या ताटात पडंल असं सांगणाऱ्यावर माझा जास्त संशय हाय. थांबवलेला पैसा कुठं जातो ते आजवर कुणी दाखवलंय का? तो वरही जात न्हाय आणि खालीही येत न्हाय, मधल्यामधीच जिरतो. आणि दुसरं, कोणत्या तोंडानं मी वरच्या रॉकेटाला नावं ठेवू? दुष्काळाच्या साली लोकांनी शहाणपणा केला असता तर आपण उपाशी मेलो असतो. तुम्हीच म्हणायचा, टँकरच्या रांगेत उभा असलेला माणूसबी लेकराला फुलबाजीचं एक पाकीट घेतोच. त्याच पाकिटावर आपला संजू मोठा झाला.

साहेब गोड बोलले. म्हणाले, वरच्या उपग्रहामुळं पाऊस कळतो, वादळ कळतं, मच्छीमारांचे जीव वाचतात. माझ्या मनात आलं, आपल्याला तर पाऊस कळला होता की. सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. मग पाणी कुणाच्या बांधाला विचारून गेलं का? खरं असंल त्यांचं, मी खोटं म्हणत न्हाय. पण वरनं दिसलेलं खाली येईपर्यंत मधी लई हात लागतात.

मग साहेब म्हणाले, “पहिल्या वेळी आमचं यान चंद्राजवळ जाऊन पडलं. सगळा देश रडला. पण आम्ही खचलो नाही. का पडलं ते शोधलं, म्हणून दुसऱ्या वेळी उतरलं. अपयश म्हणजे निष्काळजीपणा नसतो, तो धडा असतो.”

तो शब्द ऐकला आणि मी ताठ झाले.

तुम्हाला ठाऊक न्हाय, ते यान पडलं तवा आपल्या दारात तुमचं सुतक होतं. दहाव्याला नदीवर लोक जमले. पिंड ठेवला, कावळा शिवंना. सगळे माना वर करून कावळ्याची वाट बघत होते आणि बोलणं चाललं होतं चंद्राचं. “बिचारं थोडक्यात गेलं हो.” मला वाटलं तुमच्याबद्दल बोलतात. तुमचा थोरला भाऊ म्हणाला, संजूला सांभाळीन. कावळा हलंना. संजू म्हणाला, आईला अंतर देणार न्हाय. कावळा झाडावरच. मग मालक पुढं आला, हात जोडून म्हणाला, “हे कशानं झालं ते मी शोधून काढीन.” आणि कावळा आला, शिवला, उडाला.

तवापासून माझा त्या कावळ्यावरबी संशय हाय. एवढ्यावर भुलला? का तुम्हीच भुलला? मालकानं नुसता शब्द टाकला की मान डोलवायची ही तुमची जुनी खोड.

मी उभी राहिले. पूजा पदर ओढत होती. म्या विचारलं, “साहेब, यान का पडलं ते तुम्ही कसं शोधलं? ते तर चंद्रावर मोडून पडलं होतं.”

साहेब खूश झाले. म्हणाले, “छान प्रश्न आहे, आजी. पडेपर्यंत ते आम्हाला सगळं कळवत होतं. ते सगळं आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं. ज्यांनी ज्यांनी काम केलं होतं त्या सगळ्यांना विचारलं. एकालाही सोडलं नाही.”

“मग साहेब, माझा माणूस ह्या मालकांच्या शेडात जळाला. शेजारी काम करणाऱ्या बाया अजून जित्या हायेत, ह्या काय बसल्यात. त्यांना कुणी विचारलं न्हाय. तुमच्या लाखमोलाच्या यंत्राला कुणी निष्काळजी म्हणलं न्हाय. माझ्या माणसाला एका ओळीत म्हणलं. वाईट दिवसात चंद्रावरची चूक शोधायला सरकारपाशी पैसा हाय, तर तो असू द्या. हितली चूक शोधायला काय लागतं? नुसतं विचारायला लागतं.”

सरपंच म्हणाले, “मावशी, हा विषय नाही आजचा. बसा.” पोरं हसली. मालक गळ्यातला हार सारखा करत बसला. साहेबांनी मालकाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, “चौकशी तर व्हायलाच हवी.” खरं वाटून म्हणाले का वेळ मारून नेली, देव जाणे. पण चहाला ते मालकाशेजारी बसले न्हाईत, तेवढं म्या पाहिलं.

घरी येताना शकीला मागनं धावत आली. तीच, तुमच्या शेजारच्या शेडात वाती वळायची. तुम्ही तिला बहीण म्हणायचा. रस्त्यात माझा हात धरून म्हणाली, “मेरेकू किसीने पूछाच नै, भाभी. एवढी सालं झाली, कुणी विचारलंच न्हाय.”

“मग मी विचारते. सांग.”

“ठिणगी कशाची ते मला ठाऊक न्हाय. पण भैया दाराकडंच पळाले होते, म्या डोळ्यानं बघितलं. दार होतं कुठं? गाडी यायची म्हणून तयार मालाची खोकी दारापुढं रचली होती, छातीपातूर. त्यांनी दोन बाजूला फेकली. तिसरं उचललं, आणि मग...”

पुढचं तिनं सांगितलं न्हाय, म्याबी विचारलं न्हाय. रस्त्यात रडायची मला सवय न्हाय.

खोकी रचायला तुम्ही सांगितली होती का हो? का दिवाळीची घाई तुमची होती?

त्याच सांजेला मालकाचा मुनीम दारात आला. “सासूला आवरा, न्हायतर उद्यापासनं दुसरी बाई बघतो,” असं रेखाला म्हणाला. तो गेल्यावर रेखा माझ्यावर उखडली. “आत्या, तुम्ही बोलून मोकळ्या झाल्या. तेल-मीठ आणायचं मी. मामांचं नाव धुऊन निघालं तर पोरीचं पोट भरतंय का?”

तिचं काय चुकलं? म्या फक्त शकीलाचं बोलणं तिला सांगितलं. खोकी, छातीपातूर. रेखानं भाकरी थापता थापता हात थांबवला. म्हणाली, “आत्या, आजबी तितकीच रचलीत.”

सकाळी ती कामावर गेली, पण शेडात गेली न्हाय. बाहेर लिंबाखाली बसली. शकीला येऊन तिच्याशेजारी बसली, मग एकेक करून बाकीच्या बाया. त्यांचं म्हणणं एकच, मागच्या भिंतीला दुसरं दार काढा, मग बसतो. मुनीम म्हणाला, “आता हंगाम हाय. दार दिवाळी झाल्यावर काढू.”

रेखा म्हणाली, “मग आम्हीबी दिवाळी झाल्यावर येतो.”

तुमची सून तुमच्यावर गेली न्हाय, माझ्यावर गेलीय. तुम्ही असता तर मान डोलवून आत जाऊन बसला असता.

आज दुसरा दिवस, बाया लिंबाखालीच हायेत. मी त्यांच्यात बसूनच हे लिहितेय. मालकाची गाडी दोनदा येऊन गेली, काच खाली झाली न्हाय. काय होईल ते मला ठाऊक न्हाय. दुसऱ्या गावच्या बाया आणतील, न्हायतर पोलिसाची भीती घालतील. माझा कुणावर भरवसा न्हाय, साहेबावर न्हाय, सरपंचावर न्हाय, नामदेवाच्या टाळ्यांवर तर मुळीच न्हाय. शकीलावर हाय. रेखावर हाय.

तुम्हाला एकच शब्द देते, आणि कावळ्याला मधी घेत न्हाय. मागच्या भिंतीला दार निघाल्याबिगर आपल्या घरचं माणूस त्या शेडात बसणार न्हाय. आणि कागदावरची ती ओळ खोडल्याबिगर मी तुमच्याकडं यायची न्हाय, कितीबी बोलावलं तरी.

हे कशानं झालं, याचं उत्तर तुम्ही देऊ नका. साहेबांनी देऊ नये, मुनीमानं तर तोंडच उघडू नये. पिंडापुढं हात जोडून शब्द मालकानं दिला होता, उत्तर त्यानंच द्यायचं. तुमच्या जागेवर बसून, दारापुढं छातीपातूर खोकी रचून.

— गोदाबाई